गार असताना एका चावीत सुरू, गरम झाली की सेल्फ मारून दमतो : जुनी एमपीएफआय पेट्रोल गाडी

सूतवाला

मंडळी नमस्कार. गाडी २००२ ची, १.३ लिटर पेट्रोल, चार सिलेंडर, एमपीएफआय (म्हणजे प्रत्येक सिलेंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर). कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की निम्मे प्रतिसाद "अजून ही चालवता?" असे येतात आणि उरलेले "विकायची आहे का?" असे.

माझा धंदा सुताच्या दलालीचा. त्यामुळे गाडी लांब पळत नाही, पण दिवसभर थांबत थांबत फिरते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात वीस मिनिटं, पुढच्या शेडमध्ये अर्धा तास (त्यात चहा, सुताच्या कोनचे नमुने आणि मागची उधारी), मग अशोक चौकाकडे, तिथून घरी जुळे सोलापूर. आणि नेमकं हेच फिरणं गाडीला नको झालंय.

सकाळी गार इंजिनला चावी फिरवायचा अवकाश, सुरू. पेट्रोल भरताना दोन मिनिटं बंद केली तरी लगेच सुरू. दोन-तीन तास उभी राहिली तरीही काही तक्रार नाही. भानगड आहे ती मधल्या वेळेची. पंधरा-वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत उभी राहिली की सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन उचलत नाही. आठ-दहा सेकंद मारावा लागतो, कधी दोनदा. मग थडथडत, एखादं सिलेंडर मेल्यासारखी उठते, मागून काळसर धूर, पेट्रोलचा वास. थोडी रेस धरली की अर्ध्या मिनिटात साफ, पुढे दिवसभर मिसिंग नाही, पिकअपही ठीक. थंडीतसुद्धा होतं, पण एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला की फार. लूमच्या शेडबाहेर पत्र्याच्या सावलीत उभी केली तरी फरक नाही.

अ‍ॅव्हरेज वहीत लिहून ठेवतो. शहरात १४ च्या आसपास असायचं, ते गेल्या वर्षभरात १२ च्या खाली आलंय.

प्लग, पेट्रोल फिल्टर, बॅटरी बदलून झालं. मिस्त्री आता म्हणतो टाकीतला पंप बदलू, त्यानं नाही झालं तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बघू. "त्यानं नाही झालं तर" हे शब्द ऐकले की माझा हात आपोआप खिशावर जातो. सुताचा काउंट (बारीक-जाडपणा) चुकीचा निघाला तर मी लॉट परत घेतो. पंप चुकीचा निघाला तर परत कोण घेणार?

माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि वापरता येतो. इंजिनचा दिवा चावी दिली की लागतो, सुरू झाल्यावर विझतो, म्हणजे बल्ब गेलेला नाही. आधी काय तपासू?

हैदराबाद_रोड

सगळा इथेनॉलचा खेळ आहे हो. २०२३ पासून वीस टक्केवालं पेट्रोल यायला लागलं आणि आता तर बहुतेक पंपांवर दुसरं मिळतच नाही. जुन्या गाड्यांची वाट लागली. उन्हात पेट्रोलची पाईपातच वाफ होते, पंप नुसती हवा ढकलत बसतो.

वडील जुनी पद्मिनी गाडी चालवायचे. तुळजापूरच्या घाटात उन्हाळ्यात बंद पडली की बोनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे, बिडी संपेपर्यंत थांबायचे, की सुरू. तुम्हीही रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल देणारी इंजिनावरची नळी) ओलं फडकं टाकून बघा. फुकटातला उपाय आहे.

(बिडी मात्र गाडीपासून लांब.)

मीटरवाला

सूतवाले साहेब, पहिलं काम : पंप आणि ईसीएम दोन्ही थांबवा. मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, बाळीवेशीतच शिकलो. गरम स्टार्टची गाडी माझ्याकडे आली की मी गिऱ्हाइकाला म्हणतो, गाडी ठेवून जाऊ नका, तुम्हीच थांबा. कारण गाडी ठेवून गेलात तर ती गार होते, मी चावी फिरवतो, सुरू होते, आणि मग मी काय तपासणार? हा दोष अर्धा तासच हजर असतो ओ. त्या अर्ध्या तासात, जिथं अडली तिथंच तपासायचं. नंतरचं सगळं अंदाजपंचे.

बंद केल्यावर आत काय होतं ते आधी सांगतो. गाडी चालू असताना पाणी फिरतं, पंखा फिरतो, समोरून वारा लागतो. बंद केली की हे सगळं थांबतं, पण लोखंड तापलेलंच असतं. म्हणून बोनेटखाली पहिली पंधरा-वीस मिनिटं गरमी उतरत नाही, उलट चढते. इंजेक्टरची रेल त्याच्याच डोक्यावर. पेट्रोलमधला हलका भाग मोकळ्या हवेत ३५-४० अंशालाच उकळायला लागतो. तरी रेलमध्ये वाफ होत नाही, कारण गाडी बंद झाल्यावरही रेलमध्ये दाब धरून ठेवलेला असतो, आणि दाबाखाली पेट्रोल तेवढ्या गरमीला उकळत नाही. तो दाब कुठंतरी सुटला की भानगड सुरू.

आता दाब सुटतो कुठून? मागं पंपाच्या एकतर्फी वॉल्व्हमधून टाकीत, रेग्युलेटरमधून (रेलमधला दाब ठरवतो तो) रिटर्नला, म्हणजे जादा पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या पाईपात, इंजेक्टर ठिबकून इंजिनात, नाहीतर रेग्युलेटरचा पडदा फाटून व्हॅक्यूमच्या पाईपात. पहिल्या दोन प्रकारांत रेल रिकामी होऊन वाफ धरते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. शेवटच्या दोन प्रकारांत तेच पेट्रोल इंजिनात जाऊन बसतं, म्हणजे जास्त होतं. सेल्फ मारताना आवाज दोन्हीचा सारखाच येतो. उपाय मात्र उलटे.

ते कसं ओळखायचं, तर पुढच्या वेळी अडली की सेल्फ मारू नका. चावी ऑनला न्या, मागच्या सीटखाली पंपाचा सूं आवाज दोनेक सेकंद येतो का ऐका. बंद करा, परत ऑन. असं तीन-चारदा करा, मग सेल्फ. पटकन उठली तर पेट्रोल कमी पडत होतं, पंपानं रेल भरून दिली. काही फरक पडला नाही तर त्याच्या पुढच्या वेळी दुसरं करा : अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून धरा आणि सेल्फ मारा. सारखा वरखाली करायचा नाही, नुसता दाबून धरायचा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत पूर्ण दाबल्यावर सेल्फच्या वेळी ईसीएम पेट्रोल तोडतो आणि हवा भरपूर आत जाते. अशानं उठली तर आत पेट्रोल जास्त होतं. दोन्ही एकाच वेळी करू नका, नाहीतर कशानं उठली ते कळणार नाही.

आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का तेवढं बघा. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) गरम होऊन मेला तर काटा शून्याला चिकटून राहतो, ठिणगी पण नाही, पेट्रोल पण नाही, वास पण नाही. तुमचा वास आणि काळा धूर वाचून मला तो वाटत नाही, पण बघायला पैसे पडत नाहीत.

हैदराबाद रोडवाले, पद्मिनीचा पंप इंजिनाला चिकटलेला, टाकीतून पेट्रोल ओढणारा. ओढताना दाब अजून कमी होतो, म्हणून वाफ लवकर धरायची आणि ओलं फडकं चालायचं. ह्या गाडीत पंप टाकीत बुडालेला आहे आणि मागून तीनेक बारनं ढकलतो. शिवाय वाफ धरली असती तर काळा धूर आला नसता. इथेनॉल जुन्या रबराला त्रास देतं हे मान्य, पण "इथेनॉल" हा काही बदलायचा पार्ट नव्हे.

सूतवाला

मीटरवाले दादा, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काल एमआयडीसीत पहिल्याच कारखान्याबाहेर अडली, तेव्हा (पहिल्यांदाच) अडल्याचं बरं वाटलं.

पंपाचा आवाज व्यवस्थित. चावी ऑन-ऑफ करून काही उपयोग नाही, नेहमीसारखाच त्रास. आरपीएमचा काटा सेल्फबरोबर हलतो. दुपारी पुढच्या शेडबाहेर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मारला : तीन-चार सेकंदांत उठली, थोडा काळा धूर टाकून साफ. संध्याकाळी परत तसंच केलं, परत तसंच.

म्हणजे पेट्रोल जास्त. पण गाडी बंद असताना जास्त होतं कुठून?

कुर्डुवाडीकर

माझ्या गाडीला पण गरम स्टार्टचा त्रास होता, अगदी असाच. मेन रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) निघाला. डॅशबोर्डखाली असतो, उन्हात केबिन तापली की आतल्या सोल्डरच्या जोडाला पडलेली बारीक चीर उघडायची. रिले खोलून सोल्डर परत मारून घेतलं. आधी तोच बघा.

मीटरवाला

कुर्डुवाडीकर, तुमचा दोष खरा, पण अगदी असाच नाही. रिले उघडला की पंपच बोलत नाही. मोडनिंबच्या उन्हात काचा लावून उभी केलेली गाडी लगेच सुद्धा उठत नाही, आणि काचा उघडून केबिन गार केली की उठते. साहेबांचा पंप बोलतो, आणि गाडीला केबिनच्या नाही, इंजिनाच्या गरमीचा त्रास आहे.

सूतवाले, आता तीनच जागा उरल्या. सोप्यापासून अवघडाकडे जाऊ.

एक, पाण्याचा टेम्परेचर सेन्सर. डॅशबोर्डवरच्या टेम्परेचर काट्याचा एक तारेचा वेगळा असतो, त्याला हात लावू नका. ईसीएमचा दोन तारांचा. तो "इंजिन गार आहे" असं खोटं सांगायला लागला की ईसीएम गरम इंजिनाला गारेचं पेट्रोल देतो. सकाळी गार इंजिनला सॉकेट काढून सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर लावा, आपल्या हवेत १५०० ते २५०० ओहमच्या मधे कुठंतरी यावं. पंखा लागण्याइतकी गरम झाल्यावर परत मोजा, दोनशे ते साडेतीनशेच्या घरात उतरलं पाहिजे. गरमला हजाराच्या वर दाखवला तर चोर सापडला. इंजिनचा दिवा लागत नाही म्हणून सेन्सर बरा असं धरू नका. तार तुटली तर ईसीएमला कळतं, सेन्सर थापा मारत असेल तर जुन्या ईसीएमला कळत नाही. आणि मोबाईलला जोडायचा स्वस्त स्कॅनर घ्यायला जाऊ नका. आपल्याकडे पेट्रोल गाड्यांना ओबीडी (गाडीनं स्कॅनरला दोष सांगायची सोय) २०१० पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं, २००२ ची गाडी त्याच्याशी बोलेलच असं नाही.

दोन, रेग्युलेटर. इंजेक्टरच्या रेलच्या टोकाला पत्र्याची गोल डबी असते, तिच्या डोक्यावरून एक बारीक रबरी पाईप इनटेक मॅनिफोल्डला (सिलेंडरना हवा नेणारा भाग) जातो. त्या पाईपात फक्त व्हॅक्यूम असतो. पेट्रोलचा एक थेंबसुद्धा तिथं असायचं कारण नाही. गाडी गरम करून बंद करा, पाच-दहा मिनिटांनी तो पाईप डबीवरून काढा आणि वास घ्या. ओला असला, किंवा नुसता पेट्रोलचा कडक वास जरी आला, तरी आतला पडदा फाटलाय.

तीन, इंजेक्टर. हा शेवटी, कारण रेल उचलावी लागते. ते घरी करू नका.

मिस्त्री कदाचित गेज लावेल आणि म्हणेल, बंद केल्यावर दाब उतरला, म्हणजे पंपाचा वॉल्व्ह गेला. त्याला हात जोडून थांबवा. दाब उतरला म्हणजे कुठंतरी गळतंय एवढंच कळतं, कुठं ते नाही. गाडी बंद करताक्षणी टाकीकडून येणारा रबरी पाईप दाबून धरल्यावर दाब टिकला तर पंपाचा वॉल्व्ह. रिटर्नचा दाबल्यावर टिकला तर रेग्युलेटर. दोन्ही दाबूनही उतरत असेल तर पेट्रोल पुढं इंजिनातच जातंय, इंजेक्टर नाहीतर पडदा. हे फक्त रबरी पाईपावर, कडक नायलॉनचा दाबला तर मोडतो.

आणि एक सांगतो, वास येत असताना प्लग काढून बॉडीला टेकवून ठिणगी बघू नका. लई जण बघतात. एका गाडीचं बोनेट माझ्यासमोर पेटलंय.

होटगीची_सून

वाचतेय. विचारू का? गाडी जास्त पेट्रोलनं अडते तर सकाळी का नाही अडत? रात्रभर तर जास्त गळायला हवं.

मीटरवाला

ताई, बरोब्बर प्रश्न. रेलमध्ये पेट्रोल किती, तर थोडंसंच, आणि दाब संपला की गळणं थांबतं. बंद केल्यावर पहिल्या पाव तासातच जे गळायचं ते गळून मॅनिफोल्डमध्ये जातं आणि गरम लोखंडावर त्याची दाट वाफ भरून राहते. त्या वाफेवर सेल्फ मारला तर हवा कमी, पेट्रोल जास्त, प्लग ओले. दोन-तीन तासांत ती वाफ हळूहळू निघून जाते. सकाळी तर गार इंजिनाला थोडं जास्त पेट्रोल हवंच असतं. आणि दोन मिनिटांत परत सुरू केली तर गळायला वेळच मिळालेला नसतो. साहेबांनी वेळा इतक्या नीट लिहिल्या म्हणून हे बसून सांगता आलं. नाहीतर "गरम झाली की उठत नाही" एवढ्यावर आम्ही काय सांगणार?

हैदराबाद_रोड

रबराचा पडदा फाटला म्हणजे परत इथेनॉलच आलं की!

मीटरवाला

असेल की. वीस वर्षांचं रबर पण आहे. कोर्टात लावून धरा, तोपर्यंत साहेब पाईप काढून बघतील.

सूतवाला

निकाल.

टेम्परेचर सेन्सर निर्दोष. सकाळी १९०० च्या आसपास, पंखा लागल्यावर २६०. दोन्ही वहीत लिहिले.

मग काल बाजारपेठेतून आल्यावर गाडी घरासमोर बंद केली, दहा मिनिटं थांबलो, रेग्युलेटरच्या डोक्यावरचा पाईप काढला. वास घ्यायची गरजच पडली नाही. पाईपातून पेट्रोल टपटप खाली पडलं. खाली पांढरं फडकं धरलं होतं, त्यावर पिवळा डाग. बायको म्हणाली, नवीन टॉवेल होता तो.

आज मिस्त्रीला फडकं नेऊन दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "मी तेच म्हणत होतो की, पेट्रोलचाच प्रॉब्लेम आहे." पंपाचे त्यानं साडेसहा हजार सांगितले होते. रेग्युलेटर नवा चौदाशेला मिळतोय, पुण्याहून मागवावा लागेल, तीन-चार दिवस. तोपर्यंत गाडी चालवू का? पाईप काढून बोळा घालून ठेवला तर? आणि बसवताना काय बघायचं?

मीटरवाला

बोळा अजिबात नको. तो पाईप काढलात तर पेट्रोल मॅनिफोल्डऐवजी गरम इंजिनावर उडणार. आहे तसा राहू द्या आणि तीन-चार दिवस गाडी उभीच ठेवा. पडदा अजून फाटला तर एखाद्या वेळी सिलेंडरमध्ये पेट्रोल भरून सेल्फच अडेल, कनेक्टिंग रॉड वाकायची भीती असते. नमुने रिक्षानं न्या.

रेग्युलेटर घेताना जुन्याच्या डबीवर ठोकलेला नंबर आणि दाब बघून तोच घ्या. "सगळ्याला बसतो" म्हणून देतील, बसतोही, पण अडीचच्या जागी तीन बारचा बसला तर अ‍ॅव्हरेज परत बसलं. बसवणं दोन बोल्टचं काम. गाडी पूर्ण गार असताना पंपाचा फ्यूज काढा, इंजिन सुरू करा, आपोआप बंद पडेल, परत एकदा सेल्फ मारा म्हणजे रेलमधला दाब जाईल. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मगच पाना लावा. खाली फडकं धरा. नवा टॉवेल नको.

ओ-रिंग नवीच घ्या, पेट्रोलला चालणारी. हार्डवेअरमधली पाण्याच्या नळाची चालत नाही, महिन्यात फुगते. बसवताना तिला इंजिन ऑइलचं बोट लावा, नाहीतर पिळवटून कापली जाते. व्हॅक्यूमचा पाईपसुद्धा बदला, पेट्रोलनं तो आतून मऊ झाला असणार. सगळं जोडलं की सेल्फ मारण्याआधी चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून टॉर्चनं जोड बघा. ओलसर दिसला तर पुढं जाऊ नका.

आणि इंजिन ऑइलची कांडी काढून वास घ्या. वर्षभर पेट्रोल आत जातंय म्हणजे ते पिस्टनवरून धुऊन खाली ऑइलमध्ये उतरलं असणार. लेव्हल आधीपेक्षा वर दिसली किंवा वास आला तर ऑइल आणि ऑइल फिल्टर लगेच बदला, किलोमीटर बघत बसू नका. पातळ झालेलं ऑइल आपल्या मे महिन्यात बेअरिंग खातं. प्लग आताच घातलेत ना, ते फेकू नका. काळे झाले असतील, पुसून परत लावा, मिश्रण नीट झालं की स्वतःच साफ होतात.

सूतवाला

कांडी बघितली. लेव्हल वरच्या खुणेच्याही वर आणि वास आहे. ऑइल चौदाशेच्या बिलात धरतो.

रेग्युलेटर बसला की दोन टाक्यांचं अ‍ॅव्हरेज काढून इथंच लिहितो. ताई, तुमच्या प्रश्नामुळं मलाही नीट कळलं. कुर्डुवाडीकर, तुमचा रिले कोणत्या गाडीचा होता ते लिहा, माझ्या एका गिऱ्हाइकाची गाडी काचा उघडल्यावरच सुरू होते.